साडेअठ्ठावन्न फुटांचा गोलखांब

अमेरिकन फुटबॉलच्या गोलखांबाचे एकूण लाकूड साडेअठ्ठावन्न फूट असते, हे मी आरंभीच नमूद करून ठेवतो. वीस वीस फुटांचे दोन उभे खांब आणि जमिनीपासून दहा फुटांवर त्यांना जोडणारा साडेअठरा फुटांचा आडवा दांडा. जमिनीत गाडलेला भाग वेगळा. तो आजही जमिनीतच आहे. १९५४ साली हाच नियम होता. पुढे नियम बदलला, परंतु बदललेल्या नियमाशी मला कर्तव्य नाही. हा आकडा वाचकांनी लक्षात ठेवावा, कारण आमच्या ब्रॅझेल गावात तो लक्षात ठेवणारा मी एकटाच निघालो आणि पुढचा सर्व मनस्ताप त्यातूनच उद्भवला.

मी टेक्निकल कॉलेजात आरेखन शिकलो आणि एकतीस वर्षे काउंटीच्या पाणीखात्यात नकाशे काढले. पूर्व टेक्सासात कुठेही नळ उघडला, की त्यामागे माझी एखादी रेघ असण्याचा संभव आहे. याबद्दल माझे कोणी आभार मानलेले नाहीत आणि तशी माझी अपेक्षाही नाही. एवढ्यासाठीच सांगितले, की ज्या माणसाच्या गोलखांबावर पुढे लाकडी बदक बसवण्यात आले, तो माणूस अगदीच कोणी ऐरागैरा नव्हता.

तर १ जानेवारी १९५४ रोजी आमच्या मैदानावर पेकन बाउल झाला. हंगाम संपल्यावर दोन संघांना सन्मानाने बोलावून नववर्षाच्या दिवशी जो एकच सामना खेळवतात, तो बाउल. हा बाउल आमच्याकडचे पेकनचे, म्हणजे अक्रोडाच्या जातीच्या एका फळाचे, बागायतदार भरवत, आणि त्यात आमच्या चिमुकल्या कॉलेजला बोलावण्याचा विचार त्यांच्या स्वप्नातही नव्हता. परंतु निमंत्रित संघाला ऐन वेळी गालगुंड झाले. समोर ओक्लाहोमाकडचे धिप्पाड पाहुणे होते. मैदानात घोट्यापर्यंत चिखल झाला होता आणि शेवटचे चार सेकंद उरले, तरी शून्याला शून्य. मग एकतीस यार्डांवरून आमच्या वेंडेल ट्रॅमेलने चेंडूला लाथ मारली. चेंडू दोन खांबांच्या मधून, आडव्या दांड्यावरून गेला, अशा लाथेचे तीन गुण मिळतात, आणि आम्ही तीन-शून्य असे जिंकलो. ब्रॅझेलच्या इतिहासात यापेक्षा मोठे काही घडलेले नाही. रेल्वे आली होती, पण ती पुढे गेली.

जिंकल्यावर मैदानात घुसून गोलखांब पाडायचा आणि त्याचे तुकडे घरी न्यायचे, ही आमच्याकडची रीत आहे. तिला कोणी नासधूस म्हणत नाही. उत्तरेकडचा खांब चार मिनिटांत नाहीसा झाला. इतक्या लोकांनी सामन्याला येताना करवती का आणल्या होत्या, या प्रश्नाचे उत्तर मला पन्नास वर्षांत मिळालेले नाही. मी स्वतः करवत नेली नव्हती. मी फक्त खाली पडलेल्या एका तुकड्याचे दक्षिण टोक धरले. उत्तर टोक लोरीन मॅबरी नावाच्या एका मुलीने धरले होते. लांबी तीन फूट नऊ इंच.

"सोड," ती म्हणाली.

"आपण मधोमध कापू," मी रास्त तोडगा सुचवला.

"करवत लावून तर बघ!"

सात चौक आम्ही तो तुकडा दोन टोकांनी धरून चाललो आणि सातही चौक भांडलो. पुढच्या जूनमध्ये आमचे लग्न झाले. तुकडा अखंड राहिला आणि बैठकीतल्या घड्याळाखाली फळी म्हणून बसला. माझ्या आयुष्यात जे काही चांगले झाले, त्याचा आराखडा मी काढलेला नव्हता, हे आरेखकाने कबूल करणे जड जाते. तरीही करतो.

या सगळ्यात एकच माणूस कोरडा राहिला. अर्थात शब्दशः नव्हे. लाथ मारताक्षणी अडीचशे पौंडांचा एक पाहुणा वेंडेलच्या अंगावर पडला आणि वेंडेलचे तोंड चिखलात गेले. त्याला उपसून, डोळे पुसून बसता करेपर्यंत पाच मिनिटे गेली. त्याने उत्तरेकडे पाहिले.

"कुठाय?" त्याने विचारले.

"काय?"

"खांब!"

वर्तमानपत्राचा छायाचित्रकार नेमका त्या क्षणी भिंगावरचा चिखल पुसत होता, त्यामुळे छायाचित्रही नाही. वेंडेलने पुढे आयुष्यभर वजनमापे निरीक्षक म्हणून नोकरी केली. धान्याचा काटा स्वतः डोळ्यांनी पाहिल्याशिवाय त्याने कशावर सही केली नाही. गावाच्या स्मृतिवहीत त्या संघातल्या प्रत्येकाच्या सह्या आहेत. वेंडेलचे पान कोरे. कोणी "काय लाथ होती राव!" म्हटले, की तो टोपी किंचित वर करून म्हणे, "गेला असेल. तुम्ही सगळे म्हणता ना."

तो माझा शेजारी. २००३ च्या ऑक्टोबरात कुंपणापलीकडून त्याने सांगितले, "एमेट, घर विकलं. दोन जानेवारीला लेक न्यायला येतेय, मिनेसोटाला."

"परत कधी येणार?"

"अरे, हा गुडघा घेऊन मी पेटीपर्यंत जातो तेवढं पुरे," तो म्हणाला. मग पत्रपेटीकडे बघत हळूच म्हणाला, "एकदा तो खांब तेवढा बघायला हवा होता."

मी तडक घरात आलो आणि आरेखनाचा फलक काढला.

"काय चाललंय?" लोरीनने विचारले.

"जुने तुकडे गोळा करायचे, जोडायचे आणि एक जानेवारीला त्याच जागी उभे करायचे. पन्नास वर्षं होतायत. वेंडेल जायच्या आत त्याला त्याचा खांब दाखवायचा. साधं काम आहे. तीन आठवडे."

लोरीनने माझ्याकडे बघितले. पाणीखात्याची टाकी मी 'साधे काम' म्हणालो होतो तेव्हाही तिने असेच बघितले होते. ती टाकी व्हायला सहा वर्षे लागली.

समोर राहणारा डब हार्गिस दुसऱ्याच दिवशी सल्ला घेऊन आला. डबने आयुष्यात ट्रॅक्टर विकले, त्यामुळे त्याला सर्व विषयांतले कळते.

"जुनं लाकूड कशाला? नवीन आण, रंग फास. वेंडेलला काय कळतंय?"

"वेंडेलने चाळीस वर्षं लोकांचे खोटे काटे पकडलेत."

"बरं बाबा! मग माझा तुकडा घे. पत्रपेटी उभी आहे त्यावर. पण नंबर एकचा मान माझा हं!"

मी चर्चच्या फलकावर सूचना लावली आणि तुकडे येऊ लागले. प्रत्येकाला मी तारेने पत्र्याची चकती बांधली आणि तीवर क्रमांक व मालकाचे नाव माझ्या अक्षरात लिहिले. माझे अक्षर पाणीखात्यात वाखाणले जाई. एका तुकड्याचा गुरांचा अडसर झाला होता, एकाचा दिव्याचा खांब. पाद्री लूथर बीसन यांनी तर चर्चच्या भोजनगृहातल्या मोठ्या टेबलाचा पाय उपसून दिला. त्या टेबलाखाली आता भजनांची पुस्तके रचली आहेत आणि कोणतेही भजन म्हणायचे झाले, की आधी टेबल रिकामे करावे लागते. याचा दोष बायकांनी माझ्या माथी मारला. दातांच्या डॉक्टरांच्या विधवा, मिसेस युडोरा पेटिट, यांनी बदक आणले.

"हा काय प्रकार आहे?" मी विचारले.

"माझ्या यजमानांनी कोरलंय. अस्सल खांबाचं आहे. चोच बघा, दुखावू नका."

"मिसेस पेटिट, गोलखांबात बदक कुठे बसवायचं?"

"इंजिनिअर तुम्ही आहात," त्या म्हणाल्या आणि गेल्या. मी इंजिनिअर नाही, आरेखक आहे. पण ते ऐकायला त्या थांबल्या नाहीत.

नोव्हेंबरच्या अखेरीस मी बेरीज केली. बदक वगळून साडेसत्तर फूट भरले. मी पुन्हा मोजले. पुन्हा साडेसत्तर. म्हणजे मूळ गोलखांबापेक्षा बारा फूट अधिक. त्यातही मुळातले काही फूट लोकांच्या चुलीत गेल्याचे मला पक्के ठाऊक होते. ज्या अर्थी खांब वाढला होता, त्या अर्थी गावात कोणीतरी पन्नास वर्षे भलत्याच लाकडावर अभिमान बाळगून होते.

मी शास्त्रीय पद्धतीने तपास सुरू केला. खरे लाकूड म्हणजे चार इंची चौरस पाइन, त्यावर पांढऱ्या रंगाचे तीन थर. पाद्र्यांच्या टेबलाचा पाय ओकचा निघाला. मी तो त्यांना अत्यंत सभ्य भाषेत परत करू लागलो.

"म्हणजे माझे वडील खोटं बोलले?" पाद्रीसाहेब म्हणाले. त्यांचे वडीलही पाद्रीच होते. "त्यांनी स्वतःच्या खांद्यावरून आणला होता हा तुकडा, एमेट."

"तुकडा आणला असेल. पण तो खांबाचा होता असं लाकूड म्हणत नाही."

त्या रविवारचे प्रवचन संशयी वृत्तीवर झाले. ते सबंध चाळीस मिनिटे माझ्याकडे बघून झाले. डबच्या पत्रपेटीचा खांब तर माझ्या मते १९६०नंतरचा होता, आणि तसे मी म्हटल्यावर त्याने चार दिवस मला हात केला नाही. आमच्या रस्त्यावर हात न करणे म्हणजे खटला भरण्यासारखे आहे.

"तू काय करतोयस हे तुला कळतंय का?" लोरीन शेवटी म्हणाली. "लोकांनी वस्तू आणून दिल्या आणि तू त्यांच्या वडिलांना चोर ठरवतोयस."

"बारा फूट जास्त आहे, लोरीन!"

"मग उंच कर! गोलखांब फार उंच झाला म्हणून आजवर कोणी रडलंय का?"

मी रात्रभर नव्हे, पण दुपारभर विचार केला. आडवा दांडा साडेअठरा फूट आणि दहा फूट उंचीवर. त्यात मी तसूभरही सवलत देणार नव्हतो, कारण वेंडेलचा चेंडू त्यावरूनच गेला होता. उरले बावन्न फूट. प्रत्येक बाजूला सव्वीस. लाकडी पट्ट्या नकोत, पोलादी पट्ट्या आणि बोल्ट लावायचे, चार बाजूंना दोरखंडांचे ताण द्यायचे. कागदावर तो अतिशय देखणा दिसला. पाद्रीसाहेबांचा ओक मी बुंध्याशी घातला आणि 'सर्वांत भक्कम' असे त्यांना कळवले. ते खरेच होते. पुढच्या रविवारी प्रवचन क्षमाशीलतेवर झाले.

आता फक्त परवानगी उरली होती, म्हणजे खरे काम सुरू व्हायचे होते. जुने मैदान आता नगरपालिकेच्या ताब्यात आहे आणि नगरपालिका व्हर्ना स्टकी या बाईंच्या ताब्यात. मी नकाशाच्या तीन प्रती नेल्या.

"हे काय म्हणून नोंदवायचं?" व्हर्नाबाईंनी विचारले.

"गोलखांब."

"गोलखांब असा रकानाच नाही. ध्वजस्तंभ आहे. पण तो पंचवीस फुटांपर्यंत. तुमचा सव्वीस."

"मग कुंपण म्हणा."

"कुंपणात एवढी फट चालत नाही, मिस्टर रुडिसिल. अख्खी गाय जाईल."

"पाटी?"

"पाटीवर अक्षरं लागतात." त्यांनी चष्मा काढला. त्या वाईट नव्हत्या. त्यांच्यापुढे फक्त नियम होते, आणि नियमांवर माझाही विश्वास आहे, त्यामुळे मला धड रागावताही येईना. "एक मार्ग आहे. सणासुदीची तात्पुरती सजावट. उंचीला मर्यादा नाही. अटी तीन. दिवे हवेत, हिरवं काहीतरी हवं, आणि एक जानेवारीला सूर्यास्ताच्या आत काढून टाकायचं. पाच वाजून एकतीस मिनिटं. मी स्वतः येऊन बघेन. उभं दिसलं, तर पुढच्या वर्षी नाताळचं झाडसुद्धा मिळणार नाही कोणाला."

अशा रीतीने, ज्याने काउंटीची टाकी आरेखली, त्याच्या गोलखांबावर रंगीत दिव्यांची माळ आणि पाइनच्या डहाळ्यांचे एक तोरण चढले. डाव्या खांबाच्या माथ्यावर बदक बसवले. त्याची उंची साडेनऊ इंच. ती मी कोणत्याही हिशेबात धरलेली नाही.

शेवटी एक तुकडा यायचा उरला, जो मी बेरजेत आधीच धरला होता. आडव्या दांड्याच्या मध्यात तीन फूट नऊ इंचांची जागा रिकामी होती. मी बैठकीतल्या घड्याळाकडे पाहिले. लोरीनने माझ्याकडे पाहिले.

"परत आणशील?"

"चकती लावतो ना. क्रमांक बावीस."

तिने घड्याळ उतरवले, तुकडा पुसला आणि दोन्ही टोकांवरून एकदा हात फिरवला. गाडीपर्यंत उत्तर टोक तिनेच धरले.

एक जानेवारीला सकाळी घरोघर चवळी शिजली, कारण नववर्षाला चवळी खाल्ली नाही तर वर्ष वाईट जाते, यावर आमच्याकडे नास्तिकांचाही विश्वास आहे. दुपारी तीनला माझ्या अंदाजाने साठ माणसे येणार होती. चारशे आली. खुर्च्या, काठ्या, चाकांच्या खुर्च्या, पेकनची गोड पक्वान्ने आणि मक्याच्या ब्रेडचे डबे घेऊन आली. ती कशासाठी आली आहेत, हे मी तेव्हा विचारायला हवे होते.

वेंडेलला आम्ही काही सांगितले नव्हते. त्याची लेक त्याला 'निरोपाचे जेवण' म्हणून घेऊन आली. गाडीतून उतरून त्याने वर पाहिले. खूप वेळ पाहिले.

"हा फार उंच आहे," तो म्हणाला.

"सहा फूट," मी म्हणालो. "वरच्या बाजूला. पण आडवा दांडा दहा फुटांवर आहे आणि रुंदी साडेअठरा. मोजून घे."

त्याने खिशातून टेप काढला. सामन्याला लोक काय घेऊन येतील याचा आमच्या गावात नेम नाही. आम्ही दोघांनी रुंदी मोजली. साडेअठरा. वाकवत नसतानाही वाकून त्याने आकडा स्वतः वाचला.

"आणि ते बदक?"

"ते विचारू नकोस."

डबने चेंडू आणला. कोणी "लाथ मार रे वेंडेल!" असे ओरडले आणि मग सगळेच ओरडू लागले. लेक नको नको म्हणत असताना वेंडेलने कोट तिच्या हातात दिला. एकतीस यार्डांवरून नव्हे. दहा यार्डांवरून, कोरड्या जमिनीवर, नवा गुडघा बसवलेल्या पायाने नव्हे तर दुसऱ्याने. मी चेंडू जमिनीवर उभा धरला.

लाथ फार सुंदर होती असे मी लिहिणार नाही, कारण तो असत्य पुरावा ठरेल. चेंडू डुगडुगत वर गेला, आडव्या दांड्यावर, नेमका क्रमांक बावीसवर, टप्पा घेऊन उभा उसळला, क्षणभर काय करावे असा विचार केल्यासारखा थांबला, आणि पलीकडे पडला.

वेंडेल उभा होता. त्याच्या अंगावर कोणी पडले नव्हते. डोळ्यांत चिखल नव्हता. दुसरे काही असेल.

"गेला," तो म्हणाला. मग माझ्याकडे वळून, जणू मला ही बातमी नवी असावी तसा, "एमेट, गेला की रे!"

यानंतर जे झाले, त्याची जबाबदारी माझ्या नकाशावर येते. मी वाऱ्याचा भार धरला होता. लाकडाचे स्वतःचे वजन धरले होते, बर्फाचाही थोडा भार धरला होता, जो आमच्याकडे दहा वर्षांतून एकदा पडतो. ब्रॅझेलची माणसे धरली नव्हती. अत्यंत संथ गतीने, काठ्या टेकीत, चाकांच्या खुर्च्या ढकलीत, चारशे माणसे मैदानात घुसली.

"अहो, थांबा! चकत्या आहेत!" मी ओरडलो. "क्रमांकाने परत द्यायचं आहे!"

"बाजूला हो एमेट," पाद्रीसाहेब म्हणाले, "आधीच वेळ लागतोय."

दोरखंड सैल झाले, खांब शंभर हातांनी अलगद उतरला आणि खिशाखिशांतून पाने निघाले. इतक्या लोकांनी सामन्याला येताना नटबोल्टचे पाने का आणले होते, हाही प्रश्न मी माझ्या पश्चात सोडून जाणार आहे. पाद्रीसाहेब गुरांचा अडसर घेऊन गेले, डब ओकचा पाय घेऊन गेला. कोणी एकानेही चकती वाचली नाही. तक्रारही कोणी केली नाही. फक्त बदक योग्य मालकिणीकडे गेले, चोचीसह.

या गडबडीत मला क्रमांक बावीस सापडला. मी दक्षिण टोक धरले. उत्तर टोक आधीच कोणीतरी धरले होते.

"सोड," लोरीन म्हणाली.

मी सोडले. पन्नास वर्षांत पहिल्यांदा. ती तो तुकडा घेऊन वेंडेलकडे गेली. गावात तुकडा न मिळालेला तो एकटाच माणूस होता.

"धर. पन्नास वर्षं धूळ पुसली मी याची. आता तू पूस."

"अगं, पण तुमचं घड्याळ…"

"धर म्हणते ना!"

व्हर्नाबाई घड्याळ बघत उभ्या होत्या. मैदानात आता फक्त दिव्यांची माळ पडली होती. "चार वाजून बेचाळीस," त्यांनी लिहिले. "सजावट मुदतीत काढली. मिस्टर रुडिसिल, एवढं वेळेवर काम या गावात मी आजवर पाहिलेलं नाही." मग त्यांनी पिशवीतून नगरपालिकेची स्मृतिवही काढून वेंडेलपुढे धरली. त्यांनी ती कोणाच्या परवानगीने बाहेर आणली होती, हे मी विचारले नाही. वेंडेलने कोरे पान काढले, चष्मा लावला आणि चाळीस वर्षे काट्यांवर लिहीत आला तेच लिहिले: 'स्वतः पाहिले. बरोबर आहे.' खाली सही आणि तारीख.

दुसऱ्या दिवशी तो गेला. सामानाने भरलेल्या गाडीत तुकडा मावेना, म्हणून खिडकीतून एक फूट दोन इंच बाहेर राहिला, आणि नियमाप्रमाणे मी त्याच्या टोकाला लाल फडके बांधले. वळणावर पोहोचेपर्यंत ते फडफडताना दिसत होते. आमच्या रस्त्यावरच्या प्रत्येक घरासमोर कोणी ना कोणी उभे राहून हात करत होते. डबने मलाही केला.

घड्याळाखाली मी आता एक साधी फळी बसवली आहे. ती किंचित डावीकडे कलते. अर्धा इंच कलत असावी. पातळी तपासायचे उपकरण खणात, हाताशीच आहे. मी ते अजून काढलेले नाही.